आंब्यावरचा दवाखाना

माझ्या मामेसासऱ्यांचा मुंग्यांवर जेवढा विश्वास, तेवढा मी कुणाचा देवावरही पाहिला नाही. जुन्नरच्या पश्चिमेला त्यांचं गाव. शाळेत उभा जन्म रसायनशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना माणसं, जनावरं वगैरे दिसत नाहीत, संयुगं दिसतात. चहात पंखवाली वाळवी पडली तर ती चमच्याने काढून, "प्रथिनं हायेत," म्हणत ते तोंडात टाकतात. मंचरच्या एका लग्नात त्यांनी शेजारी बसलेल्या पाहुण्याला टोळाच्या कवचातलं कायटिन सविस्तर समजावलं. त्या गृहस्थाने बासुंदीची वाटी तशीच सोडली. ती मामांनी संपवली.

खरा जीव मात्र अंगणातल्या आंब्यावर. त्याच्यावर तांबड्या मुंग्यांनी पानं जोडून केलेली घरटी होती. खोकल्यावर मामा त्या मुंग्या भाजून, मीठ-मिरची घालून चटणी वाटत. "फॉर्मिक आम्ल, पावणं! मुंगीनं आपल्याला चावायच्या ऐवजी आपण तिला चावायचं, येवढाच फरक." खोकला जायचा तेव्हाच जाई, श्रेय मुंग्यांना मिळे. मामींनी ती चटणी कधी जिभेला लावली नाही. "अवो, माह्या माहेरी कळलं तर काय म्हनतील?" मामींनी एकदा तरी चाखावी, ही मामांची संसारातली एकच हौस उरली होती. शेवटी, "तुमच्या पंच्याहत्तरीला चाखीन," असा शब्द मामींनी दिला. त्या दिवसाची वाट मामा परीक्षेच्या निकालासारखी बघत होते.

मुलांनी पंच्याहत्तरी थाटात करायची ठरवली. आंब्याखालीच मांडव, फ्लेक्सवर 'रसायनमहर्षी', आणि पाहुण्यांना मुंग्या चावू नयेत म्हणून आदल्या दिवशी झाडावर फवारा. द्राक्षबागेतलं औषध उरलंच होतं.

सकाळी मामा वाटी घेऊन झाडाखाली आले. सतरंजीवर मुंग्यांचा तांबडा सडा पडला होता.

"बाबा, आता एकबी चावनार न्हाई," धाकटा मुलगा अभिमानाने म्हणाला.

मामांनी वाटी ओट्यावर पालथी ठेवली. शाल घेतली, नारळ घेतला, आपल्या विज्ञाननिष्ठेवरची लांबलचक भाषणं ऐकली. मामींनी हळूच विचारलं, "चटनी?"

"विषारी झाली," एवढंच म्हणाले.

मुंग्या परत आल्या नाहीत. मामांना हल्ली खोकला झाला की ते दुकानातली बाटली निमूटपणे पितात, लेबलसुद्धा वाचत नाहीत. परवा गेलो तेव्हा मामी आंब्याच्या बुंध्याशी गुळाचा खडा ठेवत होत्या. रोज ठेवतात म्हणे.

"काळ्याच येत्यात," मामा ओट्यावरून म्हणाले. "त्यांच्यात त्यो आंबटपणा न्हाई."

मामींनी खडा जरा वर, खोडाच्या बेचक्यात सरकवला.

"येतील की. मी शब्द दिलाय न्हवं."