पुराव्याशिवायचा संशय

खालापूरच्या तहसील कचेरीत नोकरी करणाऱ्या जागृतीताईंना रहस्यकथांचं भारी वेड. भिसेगावातल्या आपल्या घरी त्यांनी बायकांचा वाचनगट काढला होता आणि तिथं लेखिकांच्याच रहस्यकादंबऱ्या वाचल्या जायच्या. बाईनं लिहिलेल्या कथेत बाई नुसती प्रेत म्हणून येत नाही, असं त्या प्रत्येक नवीन बाईला ठासून सांगायच्या.

त्या रविवारच्या कादंबरीत खुनी निघाला घरातला सज्जन थोरला दीर.

"माझा संशय धाकट्या सुनेवर होता," जागृतीताई हसत म्हणाल्या. "नवऱ्याला सोडून एकटी राहणारी बाई, दुसरं कोण असणार?"

खोपोलीहून येणारी वनिताही नवऱ्याला सोडून एकटीच राहत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, तिच्याविरुद्ध एकबी पुरावा नाय दिलेला. मी परत वाचून बघितलं."

जागृतीताईंना मान वर करवेना. चहा आणते म्हणून त्या आत गेल्या, ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या.

"पुरावा नव्हताच गं वनिता," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मीच मनाशी ठरवून टाकलं होतं."

वनितानं मान हलवली, पण ती चहाला थांबली नाही. जागृतीताई दारापर्यंत तिच्यामागं गेल्या आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.