हॉरेसची घंटा

स्लॅगक्राउन या बँडबद्दल हॉरेस फेलोजचं मत १९६९ साली एकदाचं ठरलं. 'भिकार' एवढंच ते मत होतं, आणि पुढे सगळं जग त्या बँडच्या नावानं केस झिंजाडून नाचू लागलं तरी त्याला ते बदलायची गरज वाटली नाही. इंग्लंडातलं सगळं टिप्टन गाव त्यावरून त्याला हसायचं. हसणाऱ्यांबद्दलचं त्याचं मतही फारसं वेगळं नव्हतं.

आठवडाभर हॉरेस साखळदंडांच्या कारखान्यात घणाशी उभा असायचा. शनिवारी संध्याकाळी मात्र तो कामगार क्लबातल्या गाण्याबजावण्याचा सेक्रेटरी व्हायचा आणि स्टेजसमोरच्या टेबलामागे न्यायाधीशासारखा बसायचा. टेबलावर एक पितळी घंटा आणि एक माइक. क्लबाच्या स्वयंपाकिणीनं, ग्लेनिसनं, खिडकीतून खिम्याच्या गरम पाईंचा ट्रे वर करून दाखवला, की हॉरेस घंटा हाणायचा. "शांतता! पाई आल्यात!" मग स्टेजवर कुणी का असेना, अर्ध्या ओळीवर तोंड मिटायचं. आधी पाई, मग बिंगो, आणि वेळ उरलाच तर गाणं.

स्लॅगक्राउनची चार पोरं त्या स्टेजवर चढली तेव्हा खाटकाचा पोरगा नायजेल पार्डो त्यांचा गायक होता. दुसऱ्या गाण्यात पाई आल्या. घंटा झाली, पोरं थांबली. पाई खाऊन झाल्यावर हॉरेसनं त्यांना परत चढूच दिलं नाही.

"पोरा, हे गाणं नव्हे, कारखान्यातला अपघात आहे," तो म्हणाला. "सामान उचला."

नायजेल नुसता डोळे मोठे करून बघत राहिला.

पुढचं सगळं हॉरेसनं दुरून पाहिलं, नाक मुरडत. नायजेलनं काळा झगा घातला आणि स्वतःचं नाव बॅरन ग्रिम ठेवलं. "बापाचा ॲप्रन बरा होता की," हॉरेस म्हणाला. अमेरिकेत मैदानं भरू लागली. मग गिटारवाला कीथ भांडून निघाला, ड्रमवाल्याला दारूपायी हाकललं, आणि काही वर्षं तर स्लॅगक्राउन नावाचे दोन बँड एकमेकांना कोर्टात खेचत एकच गाणी वाजवत फिरत होते. "एकच नकोसा, तर यांनी दोन काढले!" मग गळाभेट झाली, टीव्हीवर रडारड झाली. मग निरोपाचा दौरा. दोन वर्षांनी पुन्हा निरोपाचा दौरा. "एवढा निरोप तर आमच्याकडे मेलेल्यालाही देत नाहीत," हॉरेस म्हणाला आणि टीव्ही बंद केला.

अशी पन्नास वर्षं गेली, आणि इकडे क्लबाचं छप्पर गळायला लागलं. स्नूकरच्या टेबलावर बादल्या आल्या. म्हाताऱ्यांना शनिवारी जायला दुसरी जागा नव्हती, आणि दुरुस्ती झाली नाही तर क्लबाला कुलूप लागणार हे कमिटीनं सांगून टाकलं. नेमका तेव्हाच बँडचा मॅनेजर उगवला. बँडवर फिल्म निघत होती. तिच्यासाठी त्यांना याच स्टेजवर वाजवायचं होतं, छपराचा सगळा खर्चही ते करणार होते. अट एकच. शेवटी हॉरेसनं कॅमेऱ्यासमोर माइकवर सांगायचं, की त्या दिवशी माझं चुकलं.

"मी खोटं बोलणार नाही," हॉरेस म्हणाला.

"अरे म्हाताऱ्या, एक वाक्य म्हणायचंय," त्याची बायको मेव्हिस कडाडली. "तुझ्या त्या मतापायी आम्ही काय बस स्टॉपवर बसून बिंगो खेळायचा?"

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सूट इस्त्रीला दिला.

शनिवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. मेव्हिसनं खबरदारी म्हणून घंटा आपल्या पर्समध्ये घातली होती. बॅरन ग्रिम झगा सावरत, गुडघा धरत स्टेजवर आला. पण आवाज असा फुटला की खिडक्या थरथरल्या. लोक वेडे झाले. "बघ, सत्तरीचा आहे आणि काय गळा!" मेव्हिस म्हणाली. इतका तगडा आवाज असेल तर आपलं खरंच चुकलं, हा विचार हॉरेसच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आला.

तेवढ्यात पाईंचा वास सुटला. ग्लेनिसनं सवयीनं ट्रे वर केला. हॉरेसही सवयीनं उठला. घंटा नव्हती, पण माइक होता.

"शांतता! पाई आल्यात!"

मॅनेजरनं कपाळावर हात मारला. पण स्टेजवरचे दोघे म्हातारे याच क्लबांमध्ये वाढले होते. कीथचा हात तारांवरून आपोआप उचलला गेला. नायजेलनं अर्ध्या ओळीवर तोंड मिटलं. ब्राझीलहून आणलेला ड्रमवाला इकडेतिकडे बघून थांबला.

आवाज मात्र थांबला नाही. भिंतीवरच्या स्पीकरमधून बॅरन ग्रिम दणदणीत गात होता, आणि स्टेजवरचा बॅरन ग्रिम तोंड मिटून उभा होता.

कुणीतरी रेकॉर्डिंगची वायर ओढली. आवाज तुटला. नायजेल डोळे मोठे करून हॉरेसकडे बघत होता. ते डोळे हॉरेसनं ओळखले.

माइक त्याच्या हातात होताच. कॅमेरा चालू होता.

"माझं चुकलं," हॉरेस म्हणाला. "त्या दिवशी मी यांना पुढं गाऊ द्यायला हवं होतं. भिकार होते, पण स्वतः गात होते."

कुणी हसलं नाही. नायजेलनं झगा काढून खुर्चीवर टाकला. आत साधा बनियन होता, आणि खाटकाच्या पोराचे गोरे, जाडजूड दंड.

"फेलोजसाहेब, पाई गार होतील," तो म्हणाला. खाली उतरला आणि रांगेत शेवटी उभा राहिला.

पाई झाल्यावर तो पुन्हा स्टेजवर चढला, या खेपेला स्वतःच्या गळ्यानं. वरचे सूर लागेनात, खालचे घोगरे झाले, एका ठिकाणी तर खोकलाच आला. लोक मनापासून ओरडून दाद देत होते. छप्पर पुढच्या उन्हाळ्यात नवं झालं, कारण मॅनेजरला फिल्मसाठी नेमकं हेच दृश्य हवं होतं. लाज नावाची चीज त्या धंद्यात नसतेच.

त्या रात्री मात्र, दुसऱ्या गाण्याला, मेव्हिसनं पर्समधून घंटा काढली आणि हळूच हॉरेससमोर ठेवली.

"भिकार," हॉरेस पुटपुटला, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत घंटेला हात लावला नाही.