दोन स्की घेऊन नेऱ्याला

ही गोष्ट मी सहा वर्षं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. बावधनच्या आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली स्कीची एक जोडी सहा वर्षं पडून होती. घरात कुणी विचारलं तर मी ‘औलीची आठवण’ म्हणायचो. आठवण वगैरे काही नव्हती. त्या जोडीवरचे आकडे कुणी वाचू नयेत म्हणून मी ती विकत घेऊन इकडे आणली होती.

गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी मी ती खाली काढली, स्कूटरला बांधली आणि नेऱ्याला निघालो. अंतर वीस-बावीस किलोमीटर. एवढ्याशा रस्त्याचं कसलं प्रवासवर्णन, असं कुणी म्हणेल. पण या रस्त्याला लागायला मला सहा वर्षं लागली, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

जोडीचं एक टोक पायाशी, दुसरं माझ्या कानावरून वर गेलेलं. सूसच्या अलीकडच्या वळणावर पहिली फजिती झाली. स्कीला ब्रेक असतो हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. टाचेखाली एक पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन दांडे. बूट आत बसला की पट्टी दबते, दांडे वर उचलले जातात आणि स्की घसरायला मोकळी होते. बूट सुटला की स्प्रिंग त्या दांड्यांना खाली ढकलते, ते बर्फात रुततात आणि रिकामी स्की उतारावरून सुसाट जाऊन कुणाच्या अंगावर आदळत नाही. म्हणजे पाय नसला की ब्रेक लागलेला. माझ्या स्कूटरवरही तो लागलेलाच होता. त्यातला एक दांडा चादर फाडून बाहेर आला आणि शेजारून जाणाऱ्या दूधवाल्याच्या किटलीच्या कडीत अडकला. दोघेही पडता पडता वाचलो.

“ओ काका! भाला घिऊन कुटं लढाईला निघालाय?” तो ओरडला, आणि स्वतःच उतरून दांडा सोडवून देऊन गेला.

सूसला चहाच्या टपरीवर थांबून दोरी पुन्हा आवळली. बाकावर टोपीवाले एक आजोबा बसले होते.

“काय हाय वो ह्ये?”

“स्की. पायात घालून बर्फावरनं घसरतात.”

“सूसला बर्फ पडायचा हाय का?”

“नाही, नेऱ्याला नेतोय.”

“मंग तितं पडला आसंल,” ते टपरीवाल्याला म्हणाले. “लई एशी लागलेत तिकडं.”

टपरीवाला हसला, मीही हसलो.

नेऱ्याला बबनअण्णांकडे जात होतो. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा अकोल्याहून आलेला मी त्यांच्याच खोलीत आठ वर्षं भाड्याने राहिलो. अण्णा भाडेकरूंना नावाने हाक मारत नसत, जिल्ह्याने मारत. वरच्या मजल्यावर ‘लातूर’ आणि ‘सांगली’, खाली मी ‘अकोला’. माझ्या लग्नात मुलाकडचा वडीलधारा म्हणून तेच उभे होते. पुढे मी बावधनला फ्लॅट घेतला तरी दर रविवारचं जेवण अण्णा-वहिनींकडेच असे. एका हिवाळ्यात ऑफिसातल्या आम्हा सहाजणांची औलीची सहल ठरली. एकाचं ऐनवेळी रद्द झालं. अण्णा म्हणाले, “बर्फ फकस्त फ्रीजमधला बगितलाय. मी येतो.”

मुळा नदीचा पूल ओलांडून माणला आलो. खाचरांतला (बांध घातलेल्या भाताच्या शेतांतला) भात कधीच निघाला होता. पेंढ्याच्या गंजीमागे काचेची इमारत आणि तिच्या कुंपणाला बांधलेली म्हैस, असं सगळं जिथल्या तिथे होतं. सिग्नलला एका गाडीची काच खाली झाली आणि एक तरुण म्हणाला, “अंकल, स्कीइंग? इधर?” मी मान हलवली. हिरवा दिवा लागला.

औलीत काय झालं ते आता लिहितो. हरीश नावाचा एक माणूस स्की भाड्याने द्यायचा आणि शिकवायचाही. त्याने अण्णांचं वजन विचारलं, वय विचारलं, बुटाच्या तळव्याची लांबी मोजली आणि स्क्रू फिरवून दोन्ही स्कींच्या पकडीवर आकडा दिसायला जी छोटी खिडकी असते, तिच्यात पाचचा आकडा आणला. बूट धरून ठेवणाऱ्या पकडीत (तिला बाइंडिंग म्हणतात) एक स्प्रिंग असते. तो आकडा म्हणजे स्प्रिंगचा ताण. पाय एका हद्दीपलीकडे पिळवटला की पुढची पकड बाजूला सरकते आणि बूट सोडून देते. पुढे तोंडावर पडलं तर टाचेची पकड वर उघडते. हाड मोडायच्या आधी पकड सुटावी, एवढाच तिचा हिशेब.

अण्णांची डावी स्की सारखी सुटत होती. अण्णा बसायचे, उठायचे, बूट पुन्हा घालायचे. आमची ऑफिसातली पोरं हसत होती. अण्णांचा चेहरा लाल झाला. मी डिझाइन इंजिनिअर. निघून येणारा भाग ढिला असतो, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं. हरीश दुसऱ्या कुणाला उठवायला गेला होता. त्याचा स्क्रूड्रायव्हर फळीवर होता. मी डावीचे पुढचे-मागचे स्क्रू आवळले. खिडकीत नऊ आलं. “आता बघा कशी सुटते,” मी अण्णांना म्हणालो. काय केलं ते सांगितलं नाही.

पुढच्याच फेरीत अण्णा पडले. अगदी हळू, बसल्यासारखे. उजवी स्की लगेच सुटली आणि दोन दांडे बर्फात रोवून जागच्या जागी थांबली. डावी सुटली नाही. अण्णांचा पाय गुडघ्याखाली फिरला. तो आवाज मी ऐकला.

हरीश त्यांना घसरगाडीवर घालून खाली धावला. मी स्की गोळा केल्या आणि त्याच संध्याकाळी दुकानावर बसलेल्या त्याच्या भावाकडून ती जोडी विकत घेतली. डावी का सुटली नाही म्हणून दवाखान्यात सगळे हरीशवर तुटून पडले. तो एकच वाक्य बोलत होता, “मैंने पाँच पर रखा था, साहब.” आमच्यातल्या एकाने तिथल्या अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. साक्षीदार म्हणून सही केली ती मी. त्या तक्रारीवरून हरीशला उतारावर शिकवायला बंदी झाली. पुढच्या हिवाळ्यात तिकडे जाऊन आलेल्या मित्राने सांगितलं, तो आता पर्यटकांच्या बॅगा वाहतो.

मारुंजी मागे टाकून नेऱ्यात शिरलो. अण्णांचं अंगण सापडायला वेळ लागला, कारण पुढे चार मजली इमारत उभी राहिली आहे. ट्रॅक्टरच्या जागी कुणाची तरी गाडी. अण्णा खुर्चीत होते, डावा पाय स्टुलावर.

“आरं, अकोला! रस्ता घावला का?”

“सहा वरसं झाली भावजी,” वहिनी म्हणाल्या. “आमी काय वाघ हाय का?”

जेवायला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि ठेचा. पूर्वी अण्णा मांडी घालून बसायचे. आता खुर्चीतच ताट. ट्रॅक्टर विकला, त्यांनी सहज सांगितलं, क्लच डाव्या पायाचा असतो.

हात धुतल्यावर मी चादर सोडली आणि जोडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. अण्णांनी चष्मा लावला. ब्रेकची पट्टी तळहाताने दाबली, दांडे वर गेले. सोडली, खट्‌कन खाली आले. दोन-तीनदा केलं. मग खिडक्यांवरून बोट फिरवलं.

“ह्ये पाच. आन ह्ये नऊ. कुणी क्येलं?”

“मी.”

वहिनी आत जाता जाता उंबऱ्यात थांबल्या.

अण्णांनी दोन्ही हातांनी डावा पाय स्टुलावरून खाली घेतला. “ट्रॅक्टरमागं फिरत्या पात्यांचा रोटर आसतो, त्याला कच्चा बोल्ट आसतो,” ते म्हणाले. “दगूड लागला की त्यो तुटायला पायजे, मंजी गिअरबॉक्स वाचतो. डायवर कटाळतो आन पक्का घालतो. तू पक्का घातलास व्हय रं?”

“हो अण्णा.”

“येवढा शिकलेला तू.” मग एकदम हसले, पण ते हसू टिकलं नाही. “वजन सांगताना मी बी खोटं बोललो हुतो. चौऱ्याऐंशीचा मी, सत्तर सांगितलं. तुमच्या पोरांम्होरं लाज वाटली. सा वरसं मला वाटतंय, माज्या खोट्यानंच पाय ग्येला.”

“नाही अण्णा. चौऱ्याऐंशी सांगितलं असतंत तर त्याने सहा केलं असतं. सहावरही डावी सुटली असती.”

“आसूं दे. माजं खोटं माज्याच पायावर पडलं. तुजं कुणावर पडलं?”

मी हरीशचं सगळं सांगितलं, सहीसकट.

“त्या बिचाऱ्यानं मला पाठीवर घिऊन दवाखान्याच्या पायऱ्या चडल्या,” अण्णा म्हणाले. त्यांनी स्वतः चादर गुंडाळली, गाठ मारली. “जोडी त्याची हाय. हितं ठिवू नगं.”

“येऊ ना मी पुढच्या रविवारी?”

“न्हाई. तितं जाऊन आल्यावर ये.”

मी स्कूटर सुरू करत असताना वहिनींनी पावट्याच्या शेंगांची पिशवी हँडलला अडकवली.

परतताना ऊन तोंडावर होतं. मी त्या छोट्या खिडकीचा विचार करत होतो. ज्याने ती पकड रचली, त्याने तिथे मुद्दाम खिडकी ठेवली आहे. आत काय केलंय ते कुणालाही बाहेरून वाचता यावं, कुणाच्या शब्दावर राहावं लागू नये म्हणून. मी तिच्यावर सहा वर्षं चादर घातली होती.

जोडी आता माळ्यावर नाही, हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. बायकोला सांगितलं. शेंगा सोलता सोलता ती उठून गेली, आणि दोन दिवस कामापुरतंच बोलली. औलीला मी अजून गेलेलो नाही. हरीशला त्याची जोडी परत द्यायची, आणि ज्यांच्यापुढे मी सही केली त्यांना लिहून द्यायचं की त्याने पाचवरच ठेवलं होतं, नऊ मी केलं. एवढं मी त्याचं अजून देणं लागतो.