काळजाजवळचा हात

दोन समाजांतला समेट ही अंतःकरणात घडणारी गोष्ट आहे. कॅनडातल्या आमच्या कार्यालयाने तिच्यासाठी गुरुवारी दुपारी दोनची वेळ ठरवली होती.

मी तिथे शिकाऊ विद्यार्थिनी होते. मूळनिवासी समाजातल्या एका आजींना आठवणी विचारण्याआधी, त्यांच्या रीतीप्रमाणे, मी तंबाखूची पुडी द्यायची होती. त्यांनी घेतली तर होकार, नाही तर निमूट परतायचं. द्यायची डाव्या हाताने, कारण तो काळजाजवळचा. मी मात्र डाव्या हाताने पाणीही न देणाऱ्या घरात वाढलेली. ऐन वेळी उजवाच पुढे झाला.

आजी पुडीकडे नुसत्या बघत राहिल्या. सरकारने यांची जमीन न विचारता घेतली, मुलं न विचारता दूरच्या निवासी शाळांत नेली. आता कुणी विचारायला आलं, तर ते असं. त्या नाही म्हणतील याची भीती वाटत होती, आणि तो तर त्यांचा हक्कच होता.

"डावा हात दुखतो का गं?"

"नाही आजी. आमच्याकडे डाव्याने देणं अपमानाचं समजतात."

"असू दे. इथे बरेच जण रिकाम्या हातांनी येतात आणि भरल्या हातांनी जातात," म्हणत त्यांनी पुडी घेतली.

कार्यालयातल्या साहेबांनी अहवालात लिहिलं, 'कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला.'