अप्पांना सिनेमाने सांगितलं

मागच्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी दुपारी, आखातात, सनाबिसमधल्या माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये, आमच्या वडिलांना आपला आजार कळला. तो डॉक्टरांनी सांगितला नाही, मुलाने सांगितला नाही. एका जुन्या, स्वस्तातल्या ब्रिटिश भयपटाने सांगितला.

अप्पा अलिबागहून व्हिजिट व्हिसावर आले होते. इथे पोट दुखू लागलं, तपासण्या झाल्या, यकृताचा कॅन्सर निघाला. दादाने ठरवलं, त्यांना फक्त 'सूज' म्हणायचं. मी विरोध केला. "तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला. टीव्हीवर हॉस्पिटल दिसलं की वहिनी चॅनल बदलायची. अप्पा रोज विचारायचे, "घरी कधी?" दादा रोज म्हणायचा, "सूज उतरली की, इंशाल्ला." ऐकून माझं डोकं फिरायचं.

सिनेमा दादानेच निवडला. जुना भुताखेताचा, हसायला बरा म्हणून. एक उमराव अमर व्हायच्या मागे लागतो. प्रयोगशाळेत लोणच्याच्या बरण्या, त्यांत हिरवं पाणी. प्रत्येक खोलीला तोच जिना. अप्पा खूष होते. "अरे, भिंत हलली बघ! पुठ्ठ्याची आहे!"

मग पडद्यावरच्या डॉक्टरने उमरावाला समोर बसवलं. अंगाची खाज, पिवळे डोळे, अन्न नकोसं होणं. यकृत गेलंय, पुढचा उन्हाळा दिसणार नाही, असं सरळ सांगितलं. म्हणूनच तो अमृत शोधू लागतो.

अप्पांनी रिमोट घेऊन चित्र थांबवलं.

"हे सगळं मला होतंय."

"अप्पा, सिनेमा आहे तो. तुमची नुसती सूज आहे," दादा म्हणाला.

"गाढवा, ह्या भिकार सिनेमातल्या डॉक्टरला तरी लाज आहे!" मग माझ्याकडे वळले. "तू सांग."

मी सांगितलं. त्यांनी पडद्यावरच्या उमरावाकडे बोट दाखवलं.

"ह्याला अमृत हवंय. मला तिकीट हवंय. अजून चालता येतंय तोवर काढ."

स्वयंपाकघरात दादा माझ्यावर ओरडला, "तू मारलंस त्यांना!"

"आणि तू त्यांचे चालते-फिरते दिवस खाल्लेस," मी म्हणाले. वहिनीने दार लावून घेतलं.

रविवारी मी तिकीट काढलं. एअरलाइनने प्रवास झेपेल असा डॉक्टरांचा दाखला मागितला. दाखला मिळण्याआधीच अप्पांच्या पोटात पाणी झालं आणि त्यांना वॉर्डात दाखल करावं लागलं. गुरुवारी सकाळी एअरलाइनने त्यांना प्रवासाची परवानगी नाकारली.