काटा खरा पाहिजे

अकोल्यात आमच्या गाडीचं काम करणारे एक मेकॅनिक आहेत. बोनेट उघडायच्या आधीच ते "झालं समजा" म्हणतात. बोलताना माणसाकडे नाही, गाडीकडे बघतात.

आईला उपचारासाठी अमरावतीला नेत असताना, काटा अर्धी टाकी दाखवत असूनही गाडी मूर्तिजापूरजवळ पेट्रोल संपून थांबली. आई कितीतरी वेळ उन्हात बसून होती. दुसऱ्या दिवशी मी चिडूनच गाडी त्यांच्याकडे नेली.

मागची सीट काढून त्यांनी टाकीतला, पेट्रोलवर तरंगत काटा हलवणारा दांडीचा फ्लोट बाहेर घेतला. "दांडी अटकली. पेट्रोल खाली गेलं, हे नाई गेली."

नवा फ्लोट जोडून, मला पुढं काट्यासमोर बसवून ते हातानं दांडी हलवू लागले. "मॅडम, काटा कुठी हाय?"

"खाली!"

"आता?"

"फुल्ल!"

मला वाटलं, झालं. पण ते दांडीकडे बघतच राहिले.

"आईले आता कधी नेता?"

"सोमवारी."

"मी येतो संग. हातानं चालते ते रस्त्यावर चालन, असं नसते."

सोमवारी वाटभर त्यांची नजर काट्यावर होती. आईनं विचारलं, "काहून रे बापू, बाहेर नाई पाहून राहिला?"

"रस्ता मॅडम पाह्यतात, माय."

बडनेऱ्याजवळ काटा तळाला टेकत आला, तसं त्यांनी मला पंपावर थांबवलं. पेट्रोल पडत गेलं आणि काटा सरळ वर चढला. दवाखान्यापाशी त्यांनी आईला हात धरून उतरवलं.

"थांबा ना, संगच परतू," मी म्हणाले.

"कायले? काटा बरोबर हाय," असं म्हणून ते एसटी स्टँडकडे चालू लागले.