मुंजाबाचा हौद

पडेगावच्या मुंजाबाला रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हशी राखता राखता तो खवा करायला शिकला. कढईपुढं हात थांबला की दूध करपतं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं की कपातला चहासुद्धा तो संपेपर्यंत हलवत असे.

त्याच्या गोठ्यातलं शेणामुताचं पाणी नाल्यानं थेट नव्या कॉलनीच्या दारात जाई. तिथल्या नीरजाबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी तक्रार केली. महापालिकेचे साहेब येऊन बजावून गेले, "शुक्रवारी परत येतो. पाणी असंच असलं तर गोठा इथून हलवायचा." मुंजाबाचं उतरलेलं तोंड पाहून बाईंनाच वाईट वाटलं. उपाय सांगायलाही त्याच आल्या.

गोठ्यामागच्या जुन्या हौदात पाणी अडवलं. बाईंनी आधी चुना कालवून ओतला, मग तुरटीचं पाणी. "मामा, थोडं ढवळा आणि सोडून द्या. घाण एकमेकीला धरते, जड होते, तळाला बसते."

मुंजाबानं बांबू घेतला. संध्याकाळ झाली तरी तो ढवळतोच आहे, आणि पाणी होतं तसंच.

"आवो, सोडा म्हणल्या ना त्या!" त्याची बायको दगडाबाई ओरडली.

"सोडलं आन् खाली लागलं म्हंजे?"

"खाली काय जाळ हाय का?"

त्याला पटलं, हाताला पटेना. बाई आल्या की तो बांबू बाजूला ठेवी, त्या फाटकाबाहेर पडल्या की उचली. बाईंनी तुरटी वाढवून पाहिली. शेवटी बिचाऱ्या स्वतःचीच पुस्तकं उघडून बसल्या.

शुक्रवारी सकाळी चुना-तुरटी पडली. दगडाबाईनं नवऱ्याला चार हात फिरवू दिले, मग बांबू हिसकावून चुलीवर दुधाची कढई चढवली.

"बसा हितं. लग्नाघरचा खवा हाय. करपला तर तुमीच जाऊन सांगा."

मुंजाबा अडकला. हात कढईत, जीव हौदात.

साहेब आले तेव्हा गाळ तळाला बसला होता. वरचं पाणी असं निवळलं होतं की दगडाबाईनं त्यात बघून कुंकू सारखं केलं.

साहेबांनी बाटली भरली. "झकास! गोठा राहू द्या. हा नमुना तेवढा तपासायला नेतो," म्हणत त्यांनी ती खळखळ हलवली.

"आवो सायेब, हलवू नका!" कढईपासून मुंजाबा कळवळला. "जरा बसू द्या की त्याला!"

दगडाबाई तोंडाला पदर लावून आत पळाली.